ऑक्टोबरचा आकडा

नात सुट्टीला आली आहे. आल्या आल्या तिने माझ्या वह्या ताब्यात घेतल्या. आमच्या घरात त्यांना "आण्णांची पाण्याची वही" म्हणतात, पण खरं तर त्या तीन आहेत. पहिली १९८६ ची, पाठीमागच्या पानावर पाढे छापलेली. नात म्हणाली, "आजोबा, हे सगळं मी कॉम्प्युटरवर घालते, म्हणजे आलेख काढता येईल." म्हटलं, घाल बाई. माझ्यानंतर रद्दीतच जायच्या होत्या.

दोन दिवस मुकाट्याने टाइप करत होती. तिसऱ्या दिवशी विचारलं, "५ ऑक्टोबर २०१४ च्या आकड्याखाली दोन रेघा का मारल्यात? बाकी कुठेच नाहीत."

त्या रेघा माझ्या नाहीत. त्या तुझ्या तात्या आजोबांनी मारल्या, एवढं सांगून मी चहा टाकायला उठलो. पण रात्री झोप येईना. म्हटलं, सत्तरी उलटून गेली, आता लिहूनच टाकावं. तात्याला विचारलं, लिहू का? तो म्हणाला, "लिहा की. माझी काय अब्रू जातेय त्यात?" (म्हणजे कोणाची जाते ते त्याला बरोबर माहीत आहे!)

आमची शेती लातूर जिल्ह्यात, मांजरेच्या पट्ट्यापासून जरा लांब, म्हणजे कालव्याचं पाणी नाही. एक जुनी विहीर, दगडी बांधकामाची, चौदा मीटर खोल. आजोबांच्या भाषेत आठ परूस. शेती तात्या बघतो, मी नोकरीच्या निमित्ताने तालुक्याच्या गावी आणि २००८ ला निवृत्त झाल्यावर लातुरात. उत्पन्न निम्मं निम्मं. वाटणी कागदावर कधी झाली नाही, व्हायची गरजही पडली नाही.

मोजण्याचं वेड कुठून आलं ते आधी सांगतो. १९७२ ला मी बी. ए. झालो. मराठी माध्यमातून, बऱ्यापैकी मार्कांनी, आणि तो दुष्काळ येऊन दारात उभा राहिला. नोकरी कुठली? पाझर तलावाच्या कामावर हजेरी कारकून म्हणून लागलो. बी. ए. ची पदवी घरात, आणि मी उन्हात टेबल टाकून मस्टरवर अंगठे घेतोय. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रभर सुमारे पन्नास लाख माणसं अशा कामांवर होती असं पुढे वाचलं, तेव्हा वाटलं, त्यातली तीन-चारशे आपल्या मस्टरवरची.

मजुरी केलेल्या कामाच्या मापावर. माती खोदताना मधे एक मातीचा खुंट तसाच ठेवायचा, म्हणजे मूळ जमीन कुठं होती ते कळतं आणि खोली मोजता येते. त्या खुंटाच्या माथ्यावर कोणी रात्रीतून चार बोटं माती चढवली की खड्डा चार बोटं जास्त खोल भरतो! मुकादम सांगे, "पोरा, टेप नीट धर, टेप खोटं बोलत नाही, धरणारा बोलतो." हे वाक्य मला पुढे फार महागात आठवलं.

त्या वर्षी सुकडी खाल्ली, अमेरिकेची लाल मिलो खाल्ली. घरोघरी माणसं वाळून गेली होती. पण एक गोष्ट आता नव्या पिढीला सांगितली तर खरी वाटत नाही. आमच्या विहिरीला तेव्हा पाणी होतं. फार नव्हतं, पण अख्खी आळी घागरी भरून न्यायची. धान्य नव्हतं, पाणी होतं. २०१६ ला बरोबर उलटं झालं. दुकानात गव्हाची पोती थप्पीला लागलेली आणि प्यायला पाणी नाही. लोक सगळ्या दुष्काळांना एकच नाव देतात, म्हणून गफलत होते. बहात्तरला बहुतेकांच्या विहिरीवर मोट होती. बैल थकले की मोट थांबायची. विजेची मोटार थकत नाही, वीज जाते तेवढाच तिला विसावा.

असो. पुढे बी. एड. केलं, शाळेत लागलो, भूगोल आणि मराठी शिकवू लागलो. १९८६ ला पुन्हा पाऊस ओढला. त्या वर्षी गावातल्या सार्वजनिक विहिरीवर भूजल सर्वेक्षण खात्याचा एक माणूस टेप घेऊन आला. निरीक्षण विहीर म्हणतात तिला. खात्याने राज्यभर अशा विहिरी निवडून ठेवल्या आहेत आणि वर्षातून चार वेळा त्या मोजतात: पावसाळा संपल्यावर, मग जानेवारीत, मार्चमध्ये आणि मे मध्ये. मी शेजारी उभा राहून बघत होतो. त्याने टेप सोडली, आकडा घेतला आणि त्यातून काहीतरी वजा केलं. विचारलं तर म्हणाला, "गुरुजी, कठडा वजा केला. पाणी जमिनीपासून किती खोल ते लिहायचं. उद्या कोणी कठडा उंच बांधला तर पाणी खाली गेलं असं दिसायला नको." मला फार आवडलं ते. शाळेतली पोरं तर लगेच सगळ्या विहिरींचे कठडे मोजत सुटली.

तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आमची विहीर मोजायची हा नेम. आत मोटार चालू असेल तर आदल्या रात्री बंद करायला सांगायची, म्हणजे पाणी स्थिर होतं. पावसासाठी डालड्याचा डबा. मुलांना सांगायचो, डबा कुठलाही चालेल, फक्त तोंड आणि तळ सारखाच रुंद हवा, भिंती सरळ हव्यात. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. हे एकदा डोक्यात बसलं की कौलांवर किती पडलं, शेतावर किती पडलं, सगळे हिशेब सुटतात. सकाळी साडेआठला मोजायचा, हवामान खातंही त्याच वेळेला मोजतं. अडीच मिलिमीटर झाला तरच तो पावसाचा दिवस धरायचा. पोरांना हे पटायचं नाही, "गुरुजी, चिखल तर झालाय!"

दहा-बारा वर्षं झाल्यावर वहीतून एक गोष्ट हळूहळू दिसू लागली. मे चा आकडा ऑक्टोबरातच ठरलेला असतो. आमच्याकडे पाऊस ऑक्टोबरात संपतो. त्यानंतर पुढच्या जूनपर्यंत विहिरीत जे आहे त्यातूनच उपसायचं. ऑक्टोबरात पाणी साडेतीन-चार मीटरवर असेल तर मे मध्ये दहा-अकरावर जाणार, पण विहीर तग धरणार. सहावर असेल तर मार्चपासून जपून. यात माझी काही हुशारी नाही, सरकारही याच हिशेबाने चालतं. ऑक्टोबरच्या मोजणीवरून भूजलवाले पुढे कुठं टंचाई येईल त्याचा अंदाज देतात आणि त्यावर जिल्ह्याचा टंचाई कृती आराखडा होतो: ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून. कागदावर सगळं वेळेत कळलेलं असतं. टँकर मात्र बोंब झाल्याशिवाय हलत नाही.

सरकारी मोजमापाबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण वर्तमानपत्रात आकडे येतात आणि आपण ते भलत्याच अर्थाने वाचतो. धरणाचे टक्केच घ्या. "मांजरा शून्य टक्के" म्हणजे धरण कोरडं नव्हे. टक्के उपयुक्त साठ्याचे असतात. त्याखाली मृतसाठा असतो, दाराच्या पातळीखालचा, जो आपोआप बाहेर येत नाही, पंप लावून ओढावा लागतो. पैठणच्या नाथसागरात तर एकूण सुमारे १०२ टीएमसीतले २६ टीएमसी मृतसाठ्याचेच. मांजरेचा उपयुक्त साठा सुमारे १७७ दशलक्ष घनमीटर, म्हणजे सव्वासहा टीएमसी. लातूर शहर त्याच्यावर. शून्य टक्क्यानंतरही आपण मृतसाठ्यावर जगत असतो आणि मनाला सांगत असतो की बघा, शून्य झालं तरी नळ चालूच आहे.

दुसरी पैसेवारी. जुनी माणसं अजून आणेवारीच म्हणतात. पिकाचा अंदाज घ्यायचा, आधी नजर पैसेवारी, मग सुधारित, डिसेंबरात अंतिम. पन्नास पैशांच्या खाली गेली तर दुष्काळ. पण ही मोजणी पिकाची, पाण्याची नव्हे! सोयाबीन कसंबसं पदरात पडलं की पैसेवारी बावन्न, आणि विहिरीत खडखडाट. पाऊस मोजायचा तर पर्जन्यमापक मंडळाच्या गावी. तिथं कोसळला आणि आमच्याकडे थेंब नाही, तरी आमच्या नावावर तो पाऊस जमा. २०१६ च्या केंद्राच्या नव्या संहितेत पैसेवारीवरचा भर गेला. पाऊस, पावसातला खंड, उपग्रहातून दिसणारी पिकाची हिरवाई, जमिनीतली ओल, भूजल आणि धरणांचा साठा असं सगळं एकत्र बघतात, मग काही गावांत जाऊन खात्री करतात. त्या पद्धतीने २०१८ ला राज्यातले १५१ तालुके दुष्काळी जाहीर झाले, २०२३ ला चाळीसच, आणि ओरड झाल्यावर हजाराच्या वर मंडळांत दुष्काळसदृश स्थिती. हे "सदृश" म्हणजे काय ते व्याकरण शिकवलेल्या माणसालाही नीट सांगता येणार नाही.

तर आता ५ ऑक्टोबर २०१४.

त्या वर्षी मराठवाड्यात पाऊस सरासरीपेक्षा चाळीस टक्क्यांहून अधिक कमी झाला होता. मी पहिल्या रविवारी एसटीने गावी गेलो. तात्या बाजाराला गेला होता. मोटार बंद होती. टेप सोडली, कठडा वजा केला, आकडा आला ९.२. मला वाटलं चुकलं. पुन्हा सोडली. ९.२. एवढा आकडा वहीत ऑक्टोबरात कधी नव्हता. २०१२ च्या वाईट वर्षीही ७.६ होता. चौदा मीटरच्या विहिरीत पावणेपाच मीटर पाणी आणि पुढे आठ महिने कोरडे. लिहून घेतलं, जेवलो आणि दुपारच्या गाडीने परत आलो.

आठवड्याने तात्याचा फोन. "आण्णा, औंदा दोन एकर ऊस लावावा म्हणतोय. कारखान्याचं बेणं मिळतंय. तुमचं काय म्हणणं?"

मंडळी, मी भूगोलाचा मास्तर. उसाला वर्षभरात दीड ते अडीच हजार मिलिमीटर पाणी लागतं आणि आपल्याकडे चांगल्या वर्षी सात-आठशे पडतं हे मी तीस वर्षं फळ्यावर लिहिलं. वही समोर टेबलावर होती. आणि मी काय म्हणालो? म्हणालो, "लाव. बघू पुढं."

का म्हणालो तेही सांगतो. लातुरातल्या घराचा वरचा मजला मी काढला होता. स्लॅब पडला होता, प्लॅस्टर, फरशी बाकी होतं आणि पेन्शनीत ते बसत नव्हतं. उसाचा पैसा एकरकमी येतो. सोयाबीन, हरभऱ्याचा तसा येत नाही. माझ्या निम्म्या वाट्यावर माझी फरशी अवलंबून होती. नात्यातली जी मंडळी हे वाचत असतील ती त्याच मजल्यावर राहून गेली आहेत, म्हणून लिहितो. ९.२ हा आकडा मी तात्याला सांगितला नाही. त्यानेही विचारला नाही. त्याचा समज असा की आण्णांच्या वहीत काही वावगं असतं तर आण्णा बोलले असते.

पुढचं लवकर सांगतो. फेब्रुवारीत विहीर दिवसाला अर्धा तास मोटार चालू देईना. मार्चमध्ये तात्याने बँकेचं कर्ज काढून बोअर घेतला, तमिळनाडूची गाडी आली होती. साडेचारशे फुटांपर्यंत नुसता पांढरा फुफाटा. आठ दिवसांनी दुसरा, सातशे फूट. त्याला पंधरा दिवस गढूळ पाणी आलं आणि बंद. आपल्या काळ्या दगडात पाणी असतं ते वरच्या झिजलेल्या, भेगाळलेल्या थरात. खाली अखंड पाषाण. तिथं भेग सापडली तर सापडली, आणि सापडते ती बहुधा शेजाऱ्याच्या विहिरीचंच पाणी ओढत असते. हेही मला माहीत होतं. तेव्हाही बोललो नाही, कारण आता बोललं असतं तर ऑक्टोबरात का नाही बोललात हा प्रश्न आला असता.

२०१५ चा पाऊसही तसाच गेला, पुन्हा चाळीस टक्के तूट. ऊस कमरेएवढाच राहिला आणि पिवळा पडला. छावणीला वैरण म्हणून गेला तो. त्याच दिवाळीत तात्याने बैलजोडी विकली. मी फोनवर विचारलं, किती आले? तो म्हणाला, "आले तेवढे आले."

मग लातुरातलं २०१६. मांजरेचा मृतसाठाही संपला. मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिलला पहाटे मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. लोक बघायला गेले, मीही गेलो. घरी येऊन सवयीने भागाकार केला. २०११ च्या जनगणनेप्रमाणे शहराची लोकसंख्या सुमारे ३ लाख ८३ हजार, म्हणजे माणशी सव्वा लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली, पंचवीस लाख लिटर, तेव्हा माणशी साडेसहा लिटर. आणि माझ्या नव्या कोऱ्या वरच्या मजल्यावर (फरशी शेवटी पेन्शन विकून बसवली) हजार लिटरची टाकी, तळाला धूळ.

त्या मे मध्ये तात्या आमच्याकडे आला. येताना एसटीत दोन कॅन पाणी घेऊन आला, गावच्या टँकरचं. आम्हाला! मी ते कॅन हातात घेतले आणि मला बोलवेना. रात्री जेवण झाल्यावर कपाटातली वही काढून त्याच्यासमोर ठेवली. पान उघडून. तो सावकाश वाचतो. बोट ठेवून वरपासून खालपर्यंत आला. ९.२ वर थांबला. मागची पानं उलटली, दुसरे ऑक्टोबर बघितले. मग विचारलं, "हे मी फोन केला त्याच्या आधीचं हाय का नंतरचं?"

म्हटलं, आधीचं.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग खिशातला पेन काढला आणि त्या आकड्याखाली दोन रेघा मारल्या. म्हणाला, "आण्णा, तुमी चाळीस वर्षं पोरांना शिकिवलं. मला बी एवढं सांगायचं की." आणि झोपायला गेला. सकाळी उठून चहा घेतला, नेहमीसारखा निघाला. मी माफी मागितली ती स्टँडवर, गाडी सुरू झाल्यावर, खिडकीतून. त्याला ऐकू गेली की नाही कोण जाणे.

(चाळीस वर्षं नव्हे, चौतीस. पण ते दुरुस्त करायची ती वेळ नव्हती.)

त्याच वर्षी परतीच्या पावसाने मांजरा भरलं. ऑक्टोबरात विहीर २.८ वर. गावातल्या निम्म्या लोकांनी पुन्हा ऊस लावला. तात्याने लावला नाही. बोअरचं कर्ज मी माझ्या वाट्यातून फेडतो म्हटलं तर तो ऐकेना, शेवटी निम्मं निम्मं झालं, नेहमीप्रमाणे. त्याने दुसरी एक गोष्ट केली. टेप आणून मारुतीच्या देवळाच्या भिंतीवर चुन्याने चौकोन आखला आणि दर महिन्याचा आकडा तिथं लिहू लागला. आधी लोक हसले. हिवरे बाजारला पोपटराव पवारांच्या गावात दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावर कुठलं पीक घ्यायचं ते ठरतं, शेतीसाठी बोअरला तिथं बंदीच आहे. आमच्या गावात तसलं काही नाही. ऊस लावणारे लावतातच. पण २०२३ ला भिंतीवर ऑक्टोबरात ६.९ लागला तेव्हा चार-पाच जणांनी उसाचा बेत मोडून हरभरा पेरला, एवढं खरं.

मला आता गुडघ्यांमुळे जाणं होत नाही. पहिल्या रविवारी सकाळी तात्याचा फोन येतो. आधी आकडा, मग खुशाली. आज नात शेजारी बसली होती, तिनेच फोन घेतला आणि थेट कॉम्प्युटरवर आकडा टाकला. पलीकडून तात्याचा आवाज मला ऐकू येत होता, "कठडा वजा केलाय म्हणावं आण्णाला. आन् वाचून दाखव बरं, काय लिहिलंस ते."